आकाशगंगेच्या सम्राटाची रोजकीर्द

लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' हा वेदांच्या प्राचीनत्वाची चर्चा करणारा इंग्रजी ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला आणि 'मास्टर ऑफ ओरायन' हा संगणकीय खेळ १९९३ साली बाजारात आला. या दोन घटनांमध्ये बरोबर शंभर वर्षांचे अंतर आहे, मात्र त्यापलीकडे त्यांच्यात कोणताही कार्यकारणसंबंध नाही, हे शास्त्रशुद्धतेसाठी आरंभीच नोंदवलेले बरे. टिळकांनी मृगशीर्षातील, म्हणजे ओरायन तारकासमूहातील, वसंतसंपाताचा आधार घेऊन वेदकाळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांपर्यंत मागे नेला, तर खेळाच्या कर्त्यांनी काळ पुढे ढकलून आपला पहिला दिवस २३०० या वर्षात ठेवला. दोन्ही कृतींच्या नावात आकाश आहे आणि पोटात आकडेमोड आहे, एवढे साम्य मात्र नाकारता येत नाही. टिळकांचा ग्रंथ उघडणाऱ्या वाचकाला त्या आकडेमोडीची कल्पना आधीपासून असते. खेळ विकत घेणाऱ्याला ती नसते, आणि प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच फरक आहे.

हा खेळ अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन येथील 'सिमटेक्स' या संस्थेने स्टीव्ह बार्सिया यांच्या नेतृत्वाखाली घडवला आणि 'मायक्रोप्रोज' या कंपनीने तो डॉस प्रणालीच्या संगणकांसाठी प्रसिद्ध केला. बार्सिया यांनी आधी 'स्टार लॉर्ड्स' नावाचा एक कच्चा नमुना तयार केला होता आणि अॅलन एम्रिच व टॉम ह्यूज या खेळ-समीक्षकांनी तो खेळून पाहून त्यात भरपूर सुधारणा सुचवल्या होत्या. पुढे एम्रिच यांनी 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' या मासिकाच्या सप्टेंबर १९९३च्या अंकात खेळाचा परिचय लिहिताना त्यातील चार क्रिया सांगितल्या: एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट आणि एक्सटर्मिनेट, म्हणजे शोध घेणे, पसरणे, ओरबाडणे आणि निःपात करणे. अमेरिकेत प्रौढांसाठीच्या चित्रपटांवर 'एक्स' या अक्षराचे शिक्के मारण्याची रीत होती, त्यामुळे या खेळाला चार 'एक्स' मिळाले आहेत, असा चावट श्लेष त्यामागे होता. श्लेष कालांतराने विरला आणि संज्ञा तेवढी उरली. आज 'फोर-एक्स' हा संगणकीय डावपेचांच्या खेळांचा एक मान्यताप्राप्त प्रकार असून त्यावर गंभीर चर्चा करणारी मंडळी मुळातल्या चावटपणाचा मागमूसही चेहऱ्यावर दिसू देत नाहीत. एम्रिच यांच्या यादीत एक क्रिया मात्र राहून गेली, आणि खेळाडूचा सर्वाधिक वेळ तिच्यातच जातो. ती क्रिया म्हणजे हिशेब.

डावाच्या आरंभी खेळाडूच्या पदरात एक मूळ ग्रह, दोन टेहळणी याने आणि वसाहत स्थापण्यासाठीचे एक यान एवढाच संसार असतो. आकाशगंगा केवढी असावी हे त्याने आधीच ठरवायचे असते. सर्वांत लहान आकाशगंगेत २४ तारे, त्यानंतर ४८, मग ७० आणि सर्वांत मोठीत १०८ तारे असतात. प्रत्यक्ष आकाशगंगेतील ताऱ्यांची संख्या शंभर अब्जांच्या पुढची मानली जाते, त्या मानाने १०८ हा आकडा खगोलशास्त्रापेक्षा जपमाळेच्या अधिक जवळचा आहे. टेक्ससमधील कर्त्यांच्या मनात जपमाळ असण्याची शक्यता नसली, तरी एकेक तारा क्रमाने बोटाखालून सरकवत रात्र जागवणाऱ्या खेळाडूकडे पाहिल्यास ही उपमा अगदीच गैरलागू वाटत नाही. खेळ पाळीपाळीने चालतो, म्हणजे खेळाडूने सर्व आज्ञा देऊन झाल्यावर पुढच्या पाळीचे बटण दाबले की एक वर्ष सरते. सम्राटाची कारकीर्द अशा रीतीने शेकडो वर्षे चालू राहते. निवृत्तीचे वय कोठेही नमूद केलेले नाही.

वेष्टनावरील चित्र आणि आरंभीचे संगीत यांमुळे खेळाडूची अशी समजूत झालेली असते की, आता तोफांचा गडगडाट होणार, परग्रहवासी शरण येणार आणि इतिहास घडणार. प्रत्यक्षात त्याच्यासमोर येतात पाच सरकपट्ट्या. सरकपट्टी म्हणजे पडद्यावर काढलेली एक आडवी पट्टी, जी डावीउजवीकडे ओढून खर्चाचे प्रमाण कमीजास्त करता येते. प्रत्येक वसाहतीला अशा पाच पट्ट्या असतात: याने, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन. ग्रहाचे उत्पन्न ठरलेले असल्यामुळे या पाचांची बेरीज कायम तेवढीच राहते. साहजिकच एका पट्टीचा वाटा वाढवला की उरलेल्या चौघींची तोंडे लहान होतात, आणि एकत्र कुटुंबात वाटण्यांच्या वेळी जे दृश्य दिसते तेच येथे दरवर्षी प्रत्येक ग्रहावर दिसते. एखाद्या पट्टीला कोणी हात लावू नये म्हणून तिला कुलूप घालण्याचीही सोय आहे. कुटुंबांत ती सोय नसते, यावरून खेळ वास्तवापेक्षा किंचित सुसह्य करण्याचे धोरण दिसून येते.

पाचांपैकी पर्यावरणाची पट्टी विशेष अभ्यासास पात्र आहे. लोक कारखाने चालवतात, कारखान्यांतून उत्पन्न निघते आणि त्याबरोबर कचराही निघतो. तो दरवर्षी साफ करावा लागतो, अन्यथा ग्रह घाण होत जातो आणि त्यावर किती लोक राहू शकतील याची मर्यादा खाली येते. पट्टी पुरेशी ओढली की शेजारी 'क्लीन' हा शब्द उमटतो. कारखाने वाढले की कचरा वाढतो, कचरा वाढला की 'क्लीन'च्या जागी पुन्हा 'वेस्ट' दिसू लागते, आणि तीस ग्रहांचा अधिपती तीस ठिकाणी जाऊन पट्टी केसभर सरकवून परत येतो. अंतराळातील साम्राज्यांविषयी चित्रपट व कादंबऱ्या उदंड निघाल्या, परंतु सम्राटाच्या दिवसाचा मोठा भाग कचऱ्याच्या बंदोबस्तात जातो, हे सत्य इतक्या स्पष्टपणे मांडण्याचे धैर्य त्यांपैकी फारशांनी दाखवलेले नाही. कोणत्याही नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक या खेळापुढे बसवला, तर त्याला पहिल्या पाळीपासून आपल्या कचेरीत असल्याचा भास होईल. फरक इतकाच की येथे पट्टी ओढल्यावर कचरा खरोखरच उचलला जातो.

अर्थव्यवस्थेचे दुसरे लक्षण राखीव निधीशी संबंधित आहे. सधन ग्रहांचे पैसे खजिन्यात गोळा करून नव्या, कंगाल वसाहतींना देता येतात. मात्र खजिन्याकडे निघालेल्या पैशांपैकी निम्मेच तेथे पोचतात. उरलेले निम्मे कोठे जातात, याचा खुलासा पडद्यावर होत नाही. आश्चर्याची बाब अशी की खेळाडूही तो मागत नाहीत, आणि ही गळती त्यांना निसर्गनियमासारखी वाटते.

लोकसंख्येचा हिशेब याहून रोखठोक आहे. एका ग्रहावरचे लोक दुसऱ्या ग्रहावर पाठवण्यासाठी एकच आज्ञा आहे: इतके दशलक्ष लोक उचलावेत आणि अमुक ताऱ्याकडे रवाना करावेत. तो ग्रह स्वतःचा असला की उतरणाऱ्यांना वसाहतवाले म्हणतात आणि शत्रूचा असला की तेच लोक सैनिक ठरतात. त्यांना निघताना याची पूर्वकल्पना दिली जाते की नाही, हे कळण्यास मार्ग नाही. शत्रूच्या ग्रहावर उतरल्यावर दोन्ही बाजूंपैकी एकीचा पूर्ण निःपात होईपर्यंत लढाई चालते. जिंकल्यास तेथले कारखाने हाती लागतात आणि त्या कारखान्यांतून शत्रूची तंत्रविद्याही उचलून आणता येते. त्यानंतर विजेत्याच्या मनात पहिला विचार येतो तो पराक्रमाचा नसून, नव्या ग्रहाची पर्यावरणाची पट्टी कोठे आहे, हा असतो.

खेळात एकूण दहा वंश आहेत आणि त्यांपैकी कोणताही निवडून राज्य करता येते. पक्ष्यांसारखे अल्कारी यान चालवण्यात पटाईत आहेत. अस्वलांसारखे बुलराथी जमिनीवरच्या झटापटीत भारी पडतात. मांजरकुळातील मर्शान नेमबाज आहेत. सरड्यांच्या जातीचे सक्रा यांची प्रजा दुप्पट वेगाने वाढते. कीटकांसारखे क्लॅकॉन दुप्पट राबतात. अर्धे यंत्र झालेले मेक्लार अधिक कारखाने सांभाळतात. मोठ्या डोक्याचे सायलॉन संशोधनात सर्वांच्या पुढे असतात आणि वेषांतरात निपुण असलेले डार्लॉक हेरगिरीवर जगतात. खडकांपासून घडलेले सिलिकॉइड कोणत्याही भयंकर ग्रहावर वस्ती करतात आणि त्यांना कचऱ्याचे काहीच वाटत नाही. पर्यावरणाच्या पट्टीला कंटाळलेला खेळाडू शेवटी त्यांच्याकडे वळतो, परंतु त्यांची लोकसंख्या निम्म्या वेगाने वाढते आणि इतर वंशांशी त्यांचे फारसे जमत नाही, यावरून स्वच्छता न पाळणाऱ्याकडे पाहुणे कमी येतात, हा घरगुती सिद्धांत आकाशगंगेतही लागू असल्याचे दिसते. दहावा वंश मानवांचा. त्यांच्या अंगी पंख नाहीत, नखे नाहीत, दुप्पट राबण्याची शक्ती नाही आणि मोठे डोकेही नाही. त्यांचे खास गुण दोन, व्यापार आणि गोड बोलणे. मानवजातीचे इतके नेमके मूल्यमापन करणाऱ्या कृतीला केवळ करमणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल.

संशोधनाची व्यवस्था सहा शाखांत विभागलेली आहे: संगणक, बांधकाम, बलक्षेत्रे, ग्रहविज्ञान, प्रणोदन, म्हणजे यानाला पुढे रेटण्याची विद्या, आणि शस्त्रे. एखाद्या शाखेवर पैसे खर्च होऊ लागले की पडद्यावरील विजेचा दिवा हळूहळू भरत जातो. दिवा पूर्ण भरल्यावर शोध लागतो, अशी नवख्याची समजूत असते. वस्तुतः तेथून पुढे दरवर्षी शोध लागण्याची केवळ शक्यता टक्क्यांत दाखवली जाते. पैसा संपूर्ण खर्च झाला असून काम 'अंतिम टप्प्यात' आहे, हे वाक्य ज्यांनी कधी ऐकले आहे, त्यांना या दिव्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय प्रत्येक डावात विद्यांच्या यादीतून काही विद्या यदृच्छेने वगळलेल्या असतात. म्हणजे कितीही पैसा ओतला तरी अमुक एक गोष्ट त्या डावात त्या राज्याला स्वतःच्या बळावर सुचणारच नाही. ती शेजाऱ्याला सुचली असेल तर त्याच्याकडून अदलाबदलीत घ्यावी, त्याचा ग्रह जिंकून घ्यावी किंवा हेर पाठवून चोरावी. चोरी चांगली साधल्यास तिचा आळ तिसऱ्याच राज्यावर ढकलण्याची सोय कर्त्यांनी करून ठेवली आहे, आणि या एका बटणावरून दोन शेजाऱ्यांत पेटलेले युद्ध दुरून पाहत आपल्या ग्रहांची साफसफाई करत बसणे, हा या खेळातील सर्वांत शांत आनंद मानला जातो.

युद्धखात्याचे नियमही कचेरीच्या शिस्तीत बसवलेले आहेत. यानांचे आराखडे खेळाडूने स्वतः तयार करायचे असतात, परंतु एका वेळी सहाच आराखडे बाळगता येतात. सातवा हवा असल्यास आधीच्या सहांपैकी एक रद्द करावा लागतो आणि तो रद्द होताच त्या बनावटीची झाडून सारी याने मोडीत निघतात, मग ती युद्धाच्या तोंडावर उभी असली तरीही. जुनी फाइल बंद केल्याशिवाय नवी उघडता येणार नाही, या तत्त्वाची इतकी निर्दय अंमलबजावणी अन्यत्र सापडणे कठीण. यानांचा ताफा एकदा निघाला की त्याला वाटेतून परत बोलावता येत नाही. दूरसंपर्काची विशिष्ट विद्या हस्तगत होईपर्यंत त्याच्याशी बोलणेच शक्य नसते. आरंभीची याने वर्षाला एकच पार्सेक अंतर कापतात, आणि पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांहून किंचित अधिक. त्यामुळे रागाच्या भरात सोडलेला ताफा इष्टस्थळी पोचेपर्यंत राग शांत होऊन काही वर्षे लोटलेली असतात आणि सम्राटाला तो कशासाठी पाठवला होता, हे आठवण्यासाठी नकाशा पुन्हा पाहावा लागतो.

परराष्ट्रसंबंधांत प्रत्येक परकीय राजाला एक स्वभाव आणि एक ध्येय दिलेले असते. कोणी निर्दय असतो, कोणी शांतिप्रिय, कोणी वचनाचा पक्का. 'लहरी' या स्वभावाचा राजा मात्र काल केलेला तह आज कारणाशिवाय मोडू शकतो. अनुभवी खेळाडू निर्दय शेजाऱ्यापेक्षा लहरी शेजाऱ्याला अधिक भितात, कारण निर्दयपणाचा हिशेब मांडता येतो, लहरीचा येत नाही. हिशेब हाच ज्या राज्याचा कणा आहे, तेथे याहून मोठे संकट संभवत नाही.

या सर्वांवर कळस म्हणजे आकाशगंगेची महासभा. दोन-तृतीयांश तारे वसले की ही सभा स्थापन होते आणि नंतर दर २५ वर्षांनी भरते. मते लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात, उमेदवार म्हणून सर्वाधिक मते असलेली दोनच राज्ये उभी राहतात आणि सम्राट निवडून येण्यास दोन-तृतीयांश मते लागतात. येथे खेळाचे खरे रूप उघडे पडते, कारण विश्व जिंकण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग तोफांतून जात नसून मतपेटीतून जातो. ग्रह सुपीक करावा, प्रजा वाढवावी, दोन शेजाऱ्यांशी व्यापारी करार करून ठेवावेत, तिसऱ्याला एखादी विद्या भेट द्यावी आणि सभेच्या वर्षापर्यंत कोणालाही दुखवू नये, एवढे पथ्य पाळले तर गोळी न झाडता सिंहासन मिळते. निवडून येणे शक्य नसेल तर निदान एक-तृतीयांशाहून अधिक मते स्वतःकडे राखावीत, म्हणजे दुसराही निवडून येत नाही. सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या वाचकाला हे शास्त्र नव्याने शिकवण्याचे कारण नाही. पराभूत झालेल्या खेळाडूला निकाल अमान्य करण्याचीही मुभा आहे. मात्र तसे केल्यास उरलेले सर्व राजे एकवटून त्याच्यावर चालून येतात.

राहता राहिले स्वतः ओरायन. ते नकाशातील एक ग्रहस्थान असून प्राचीन, लुप्त झालेल्या संस्कृतीच्या विद्या तेथे दडलेल्या आहेत आणि 'गार्डियन' नावाचे एक अवाढव्य यान त्यावर पहारा देत उभे आहे. त्याला हरवणाऱ्याला मृत्युकिरणासारखी दुर्मिळ अस्त्रे मिळतात. खेळाच्या नावात ज्याचा उल्लेख आहे ते हे स्थान न जिंकताही डाव जिंकता येतो, आणि अनेकांचा तसाच जिंकला जातो. कारण गार्डियनशी झुंजण्याइतका ताफा उभा करायचा तर पाचांपैकी पहिली पट्टी बरीच ओढावी लागते आणि तोवर महासभेची तारीख जवळ आलेली असते.

खेळाचा दुसरा भाग १९९६ साली आला. त्यात एका ताऱ्याभोवती अनेक ग्रह आणि प्रत्येक ग्रहावर एकेक करून उभारायच्या इमारती आल्या, कारकुनी वाढली आणि चाहतेही वाढले. २००३ साली निघालेल्या तिसऱ्या भागाच्या कर्त्यांनी मात्र तर्कशुद्ध, पण घातक असा निष्कर्ष काढला. सम्राटाला एवढ्या पट्ट्या ओढण्याचा त्रास का द्यावा, असा विचार करून त्यांनी प्रत्येक ग्रहावर संगणकाने चालवलेले प्रशासक नेमले आणि खेळाडूच्या हाती तक्ते व अहवाल तेवढे ठेवले. वस्तुतः सम्राटपद हे असेच असायला हवे: हाताखालच्यांनी काम करावे आणि वरच्याने अहवाल वाचावेत. परंतु समीक्षक आणि जुने चाहते दोघांनीही या भागाकडे पाठ फिरवली, प्रशासक खेळाडूच्या आज्ञा मनावर घेत नाहीत अशी तक्रार झाली, आणि नाव तेच असूनही माणसे १९९३ व १९९६च्या भागांकडे परतली.

या अपयशातून निघणारा सिद्धांत असा की, माणूस या खेळाकडे सम्राट होण्याच्या हौसेने येतो आणि कारकून होण्याच्या हौसेने तेथे रमतो. घरचा जमाखर्च लिहिण्याचा त्याला कंटाळा असतो, कारण तेथे एक पट्टी ओढली तर बेरीज जुळेल याची शाश्वती नसते. चाळीस ग्रहांचा जमाखर्च तो पहाटेपर्यंत आनंदाने लिहितो, कारण तेथे ती नेहमी जुळते. आपला वाटा ओढणारी पट्टी आपल्याच हातात असावी, एवढीच त्याची मागणी असते आणि तीस वर्षांपूर्वीच्या त्या पाच पट्ट्यांनी ती पुरती भागवली. डाव जिंकल्यावर पडद्यावर गौरवाचे चार शब्द येतात आणि आकाशगंगेचा स्वामी नवा डाव मांडतो. त्या डावात पुन्हा २३०० हेच वर्ष असते, पुन्हा तोच एक मूळ ग्रह, दोन टेहळणी याने आणि एक वसाहतयान असते, आणि कचरा पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो.